चिंता आणि केशगळती

(हडपसर येथे भरलेल्या समाजाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



आजच्या मेळाव्यात गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाला, ज्येष्ठांचा गौरव झाला, उपवर मुलामुलींचा परिचयही झाला. अशा आनंदाच्या प्रसंगी केसांच्या गळतीवर व्याख्यान कशाला, असा प्रश्न कोणाच्या मनात आला असेल, तर तो अगदी स्वाभाविक आहे. परंतु कार्यकारी मंडळाने हा विषय मला मुद्दाम सुचविला, आणि विचारांती मलाही तो उचित वाटला. माणसाच्या मस्तकाशी आपल्या नाभिक समाजाचा संबंध आजकालचा नाही. बाळाचे जावळ काढण्यापासून घरातील वडील माणूस गेल्यावर मुलाचे क्षौर करण्यापर्यंत, कुटुंबातील सुखदुःखाच्या प्रत्येक प्रसंगी आपल्या पूर्वजांची धोकटी त्या दारात उघडली गेली आहे. दुःखाच्या घरी पाऊल टाकण्याचा अधिकार सर्वांनाच मिळत नाही. आपल्याला तो व्यवसायामुळे मिळाला. त्या अधिकाराबरोबर काही कर्तव्यही येते, आणि तेच सांगण्यासाठी मी येथे उभा आहे. मी त्वचारोगांवर उपचार करणारा डॉक्टर असलो, तरी माझ्या आजोबांच्या काखेत धोकटी होती, हे मी अभिमानाने सांगतो.

माझे म्हणणे मी प्रारंभीच मांडतो. मनावरचा भार केसांवर उमटतो, हे खरे आहे. परंतु तो उशिरा उमटतो, बहुधा तात्पुरता उमटतो, आणि केसांच्या प्रत्येक गळतीचे कारण चिंता नसते. ह्या तीन गोष्टी नीट उमजल्या, तर पुष्कळ अनावश्यक दुःख टळेल. त्या समजून घेऊन इतरांना सांगण्याची संधी ज्याला रोज मिळते, असा माणूस डॉक्टरपेक्षाही आपला दुकानदार बंधू होय.

प्रथम केस वाढतो कसा, ते पाहू. माणसाच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. प्रत्येक केसाला त्वचेत एक लहानसे घर असते. त्याला आपण केशकूप म्हणू. ह्या केशकूपाचे जीवन शेतासारखे आहे. शेतात पीक उभे असते, मग कापणी होते, मग जमीन काही दिवस पडीक राहते आणि पुन्हा पेरणी होते. त्याचप्रमाणे केसाचा वाढीचा काळ दोन ते सहा वर्षे चालतो, त्यानंतर दोन-तीन आठवडे वाढ थांबण्याचे असतात, आणि पुढे सुमारे तीन महिने तो केस विश्रांती घेतो. विश्रांती संपली की जुना केस गळतो आणि त्याच जागी नवा उगवतो. निरोगी डोक्यावर शंभरातील सुमारे पंचाऐंशी ते नव्वद केस वाढीच्या अवस्थेत असतात, उरलेले बहुतेक विश्रांतीत असतात. म्हणूनच रोज पन्नास ते शंभर केस गळणे हा आजार नव्हे. तो सृष्टीचा नियम आहे. फणीत दहावीस केस दिसताच हाय खाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आता चिंतेचा संबंध पाहू. शरीराला किंवा मनाला मोठा धक्का बसला, म्हणजे शरीर आपली शक्ती जिवाच्या रक्षणासाठी राखून ठेवते. केस वाढविणे हे काही जीव जगविण्याचे काम नव्हे. म्हणून वाढीच्या अवस्थेतील पुष्कळसे केस एकदम विश्रांतीला जातात. पण ते त्याच दिवशी गळत नाहीत. विश्रांतीचे दोन-तीन महिने पुरे झाल्यावर मग ते एकाच वेळी गळू लागतात. अंघोळीच्या मोरीत, उशीवर, फणीत केसांचे पुंजके दिसतात आणि माणूस घाबरतो. तोवर मूळ धक्का तो विसरलेलाही असतो. श्रावणात गळणाऱ्या केसांचे कारण वैशाखात शोधावे लागते, ते असे. अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन ह्यांनी १९६१ साली ह्या प्रकाराचे सविस्तर वर्णन करून त्याला शास्त्रीय नाव दिले. आपण त्याला 'विश्रांतीची गळती' म्हणू.

आपल्या घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना मात्र ही गोष्ट फार पूर्वीपासून ठाऊक होती. बाळ हसू लागले, माणसे ओळखू लागले, की आईचे केस गळू लागतात, असे त्या म्हणत. बाळाच्या हसण्याने केस गळत नाहीत. परंतु बाळ हसू लागते ते दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, आणि बाळंतपणाचा शरीरावरील ताण केसांवर उमटतो तोही त्याच सुमारास. निरीक्षण अचूक होते, कारण तेवढे निराळे होते. विषमज्वर, मोठी शस्त्रक्रिया, अपघातातील रक्तस्राव, एकदम केलेले उपासमारीचे पथ्य, घरातील मृत्यू, नोकरी जाणे, कोर्टकचेरी, मुलीचे मोडलेले लग्न, ह्यांपैकी कोणत्याही कारणाने असे होऊ शकते. ह्या गळतीत केस सर्व डोक्यावरून सारखे विरळ होतात, टक्कल पडत नाही. आणि मूळ कारण दूर झाले की सामान्यतः सहा महिन्यांच्या आत गळती थांबून नवे केस उगवू लागतात. मात्र केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढत असल्यामुळे पहिल्यासारखी भरगच्च वेणी दिसण्यास वर्ष-दीड वर्ष लागते. हा काळ धीराचा असतो, औषधापेक्षाही धीराचा.

मन आणि केस ह्यांचा हा संबंध आपल्या प्राचीन वैद्यांनीही हेरला होता. क्रोध, शोक आणि श्रम ह्यांमुळे शरीरातील उष्मा मस्तकात जातो व पित्तासह केस पिकवितो, असा विचार सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात आलेला आहे. आधुनिक प्रयोगशाळेत ह्याच प्रश्नाचा शोध वेगळ्या मार्गाने चालू आहे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात प्राध्यापिका या-चिए श्यू ह्यांच्या प्रयोगशाळेने २०२० साली उंदरांवर केलेल्या प्रयोगांत असे दाखविले, की ताणाच्या वेळी उत्तेजित होणाऱ्या मज्जातंतूंतून जे द्रव्य स्रवते, त्यामुळे केसांना रंग पुरविणाऱ्या मूळ पेशींचा साठा संपतो. त्याच प्रयोगशाळेने २०२१ साली दाखविले, की ताणामुळे मूत्रपिंडावरील ग्रंथीतून स्रवणारे द्रव्य केशकूपांना दीर्घकाळ झोपवून ठेवते. प्रयोग उंदरांवरचे आहेत, म्हणून माणसाला ते जसेच्या तसे लावू नयेत. परंतु २०२१ सालीच न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी माणसांचे केस तुकड्यातुकड्याने तपासले, तेव्हा एका व्यक्तीचे पाच केस रजेच्या काळात पुन्हा काळे झाल्याचे त्यांना आढळले. ह्यावरून रजा घेतली म्हणजे म्हातारपण जाईल असे कोणी समजू नये; पण केस ही माणसाची एक प्रकारची रोजनिशी आहे, एवढे निश्चित म्हणता येते.

येथे एका समजुतीचा खुलासा केला पाहिजे. अमक्याचे केस एका रात्रीत पांढरे झाले, असे आपण ऐकतो. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिला १७९३ साली गिलोटिनखाली मारण्यात आले, तिच्याविषयीही ही आख्यायिका आहे. वास्तविक त्वचेबाहेर आलेला केस हा निर्जीव धागा आहे. उगवून आलेला काळा केस आपोआप एका रात्रीत पांढरा होऊ शकत नाही. मात्र चाईसारख्या एका विकारात काळे केस भराभर गळतात आणि आधीच असलेले पांढरे केस मागे उरतात. त्यामुळे पाहणाऱ्याला सारे डोके अचानक पांढरे झाल्याचा भास होतो.

चाईचा उल्लेख आला, म्हणून तिच्याविषयी चार शब्द बोलतो, कारण ही गोष्ट आपल्या दुकानातील खुर्चीवरच प्रथम उघडकीस येते. डोक्याच्या मागील भागावर रुपयाएवढी गुळगुळीत, केसविरहित जागा स्वतः माणसाला दिसत नाही. ती कात्री चालविणाऱ्याला दिसते. आयुर्वेदात हिला इंद्रलुप्त म्हणतात. शरीराचे रक्षण करणाऱ्या पेशीच चुकून स्वतःच्या केशकूपांवर चाल करून जातात, त्यामुळे हा विकार होतो. शंभरातील सुमारे दोन माणसांना आयुष्यात केव्हा तरी तो होतो. अनेक रुग्ण त्यापूर्वीच्या मोठ्या मनस्तापाची हकीकत सांगतात, आणि काहींच्या बाबतीत मनस्ताप हे निमित्त होतही असावे. परंतु चाईचे मूळ केवळ चिंतेत आहे असे म्हणणे बरोबर नाही. ती संसर्गजन्य नाही. एकाची दुसऱ्याला लागत नाही. पुष्कळांच्या बाबतीत केस आपोआप परत येतात, आणि लवकर उपचार केले तर लाभ होतो. पण बिब्बा, लसूण किंवा अन्य दाहक पदार्थ चोळून कातडी भाजून घेतली, तर मात्र व्रण पडून केशकूप कायमचे नष्ट होण्याचा धोका असतो. असले उपाय कोणाला सुचवू नयेत.

आणखी एक प्रकार असा, की ज्यात मन केसांवर प्रत्यक्ष हाताने चाल करते. परीक्षेच्या भीतीने, घरातील भांडणाने किंवा एकटेपणाने काही मुले-मुली नकळत स्वतःचे केस उपटत राहतात. डोक्यावर वेड्यावाकड्या आकाराची जागा दिसते आणि तिच्यात लहानमोठ्या लांबीचे तुटके केस असतात. १८८९ साली फ्रेंच वैद्य अलोपो ह्यांनी ह्या विकाराला नाव दिले. अशा मुलाला रागावून, हात बांधून किंवा चारचौघांत हसे करून तो थांबत नाही, उलट वाढतो. त्याला मानसोपचारतज्ज्ञाची आणि घरातील मायेची गरज असते.

आतापर्यंत मनाचे सांगितले. आता दुसरी बाजू मांडतो. प्रत्येक गळती चिंतेच्या माथी मारणे हा दुसरा अपराध आहे. पुरुषांचे कपाळ हळूहळू मागे सरकणे आणि माथ्यावर टक्कल पडणे, हे बहुधा आनुवंशिक असते. पुरुषी संप्रेरकाच्या परिणामाने केशकूप बारीक होत जातात. आजोबांना, वडिलांना वा मामांना जे होते, ते नातवाला झाले म्हणून तो काळजीखोर ठरत नाही. स्त्रियांच्या गळतीत रक्तातील लोहाची उणीव आणि कंठग्रंथीचे, म्हणजे थायरॉइडचे, विकार फार आढळतात. सर्वांना वाढून उरलेसुरले खाणाऱ्या आपल्या भगिनींना "काळजी सोड" असे सांगण्यापेक्षा त्यांचे रक्त तपासून घेणे अधिक उपकारक होईल. घट्ट अंबाडा, ताणून घातलेली वेणी ह्यांनीही कानशिलावरचे केस जातात. आणि लहान मुलाच्या डोक्यावर खपली धरलेली, खाजणारी, तुटक्या केसांची जागा दिसली, तर तो बहुधा डोक्याचा गजकर्ण असतो. तो मात्र लागण होणारा आहे. त्या मुलासाठी वापरलेली फणी, मशीन आणि टॉवेल निर्जंतुक केल्याशिवाय दुसऱ्याला लावू नये.

ह्या बाबतीत आपल्याच महाराष्ट्रातील एक ताजे उदाहरण उद्बोधक आहे. डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून जानेवारी २०२५ पर्यंत बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत माणसांच्या डोक्याला खाज सुटू लागली आणि तीन-चार दिवसांत केस मुठीमुठीने हाती येऊ लागले. पाहता पाहता ही संख्या अडीचशेच्या वर गेली. कोणी पाण्याला दोष दिला, कोणी बुरशीला, कोणी शॅम्पूला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पथकही तपासणीसाठी आले. महाडचे डॉक्टर हिंमतराव बावसकर, ज्यांनी विंचुदंशावरील संशोधनाने नाव मिळविले, त्यांनी तेथील लोकांचे रक्त, केस व धान्य तपासून घेतले, आणि रेशनवर मिळालेल्या गव्हात सेलेनियम नावाच्या द्रव्याचे प्रमाण फार अधिक असल्याचे निदर्शनास आणले. हे द्रव्य अल्प प्रमाणात शरीराला हवे असते. अतिरेक झाला की केस आणि नखे जातात. ह्या गावकऱ्यांना कोणी "मनाला लावून घेऊ नका" एवढेच सांगून परत पाठविले असते, तर गव्हाकडे कोणाचे लक्ष गेले असते काय? परंतु ह्याच घटनेची दुसरी बाजूही पाहावी. केस गेल्यामुळे लोक घराबाहेर पडण्यास लाजू लागले, लग्नाची बोलणी अडली, अशा बातम्या आल्या. तात्पर्य, तेथे चिंतेने केस गेले नव्हते. गेलेल्या केसांनी चिंता आणली होती. हे चक्र दोन्ही बाजूंनी फिरते.

बुलढाण्याहून आता आपल्या हडपसरकडे वळू. पुण्याच्या पूर्वेचे हे एकेकाळचे शेतकरी गाव. मुठा कालव्याच्या पाण्यावर येथे ऊस आणि भाजीपाला पिकत असे. पुढे औद्योगिक वसाहत आली, कारखान्यांचे भोंगे वाजू लागले. आणि गेल्या पंचवीस वर्षांत शेतांच्या जागी मगरपट्टा, अमनोरा ह्यांसारख्या वसाहती आणि संगणक कंपन्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. परदेशच्या घड्याळावर काम करणारा तरुण येथे रात्री जागतो आणि दिवसा झोपतो. सोलापूर रस्त्यावरील वाहनांच्या गर्दीत त्याचे तास जातात. घराचे हप्ते वीस वीस वर्षांचे असतात. झोप अपुरी, जेवण अवेळी, व्यायाम नाही; मग तो खुर्चीत बसून आरशाकडे बोट दाखवितो आणि विचारतो, "काका, पाहा ना, किती विरळ झाले." त्याच्या प्रश्नात केसांपेक्षा अधिक काही असते, हे आपल्या अनुभवी बंधूंना सांगायला नको.

करोनाच्या काळात तर हे सर्वांनीच पाहिले. महाराष्ट्रातील पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी आपल्या पुण्यातच आढळले. ज्यांना तो ताप येऊन गेला, त्यांच्यापैकी अनेकांचे केस दोन-तीन महिन्यांनी गळू लागले. जगभरच्या डॉक्टरांनी ह्याची नोंद केली. ती हीच विश्रांतीची गळती होती. ज्या हडपसरच्या सीरम संस्थेत तयार झालेली लस १६ जानेवारी २०२१ पासून देशभर दिली गेली, त्याच हडपसरमध्ये "आजारातून जीव वाचला, पण केस चालले," असे सांगणारी माणसे माझ्याकडे येत होती. त्यांना मी कॅलेंडर पुढे ठेवून महिने मोजून दाखवीत असे. कारण कळले की अर्धी भीती तेथेच ओसरे.

पण बंधूंनो, त्या काळात सर्वांत मोठा ताण कोणी सोसला? २५ मार्च २०२० पासून टाळेबंदी सुरू झाली आणि आपली दुकाने बंद पडली. २८ जूनपासून ती उघडण्यास परवानगी मिळाली, तीही केस कापण्यापुरती. दाढी करण्यास मनाई होती. तीन महिने हातावरचे पोट असलेल्या माणसाने दुकानाचे भाडे, घराचे भाडे, मुलांची फी कशी भागविली असेल, हे ह्या सभागृहातील प्रत्येक कुटुंब जाणते. काहींनी भाजी विकली, काहींनी दागिने मोडले. दुसऱ्याच्या केसांची निगा राखणाऱ्याच्या स्वतःच्या डोक्यात काय चालले आहे, हे विचारणारे फार थोडे होते. म्हणून आजचे माझे बोलणे केवळ गिऱ्हाइकांविषयी नाही. ते आपल्याविषयीही आहे. दिवसाचे बारा तास उभे राहून काम करणाऱ्या, कर्जाची चिंता मनात दाबून ठेवणाऱ्या आपल्या माणसाने, मन जड झाल्यास घरात, मित्राजवळ किंवा डॉक्टरजवळ बोलण्यात कमीपणा मानू नये. शासनाची 'टेलिमानस' ही दूरध्वनी सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. तेथे मराठीतही बोलता येते.

आता आपल्या कर्तव्याकडे येतो. इतिहासात आपल्या पूर्वजांनी दुसऱ्याच्या दुःखाकडे पाहून वस्तरा खाली ठेवल्याचे उदाहरण आहे. १८९० साली मुंबईत सत्यशोधक चळवळीचे नेते नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या पुढाकाराने नाभिक बंधूंची सभा भरली आणि विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार झाला. पती गेल्याच्या दुःखात असलेल्या स्त्रीचे केसही बळाने काढून घेणे म्हणजे एका आघातावर दुसरा आघात करणे होय, हे त्या श्रमजीवी माणसांना कळले. मिळणाऱ्या दामावर पाणी सोडून त्यांनी हे केले. आज कोणी आपल्याला वस्तरा ठेवायला सांगत नाही. आज केवळ जीभ सांभाळायची आहे.

"अरे, तुझे टक्कल पडत चालले," असे चार गिऱ्हाइकांसमोर हसत बोललेले वाक्य आपण संध्याकाळपर्यंत विसरतो. परंतु पुढच्या आठवड्यात मुलगी पाहायला जाणारा तो तरुण ते विसरत नाही. बाळंतिणीला "केस किती गेले ग तुझे!" म्हणणारी मावशी जाते, आणि ती बिचारी रात्रभर आरशासमोर बसते. ह्याउलट, डोक्याच्या मागे चाई दिसली असता कानाशी वाकून हलक्या आवाजात, "येथे एक लहान जागा दिसते, घाबरण्यासारखे नाही, पण एकदा डॉक्टरांना दाखवा," असे सांगणारा बंधू त्या माणसावर मोठे उपकार करतो. आणि "तीन महिन्यांत हमखास केस उगवतील" अशी बाटली त्याच्या हाती देऊन हजार रुपये घेणारा मात्र त्याचा विश्वास घेतो आणि बदल्यात काहीच देत नाही. विश्रांतीची गळती बहुधा आपोआपच थांबते. म्हणून तिच्यावर कोणतेही तेल गुणकारी ठरल्याचा भास होतो. ह्या भासावर आपण आपला चरितार्थ चालवू नये. तेल लावावे, त्याने केस मऊ राहतात, हलक्या हाताच्या मालिशाने जिवाला बरे वाटते; तेवढेच त्याचे खरे मोल आहे, आणि ते कमी नाही.

व्यवहारात उपयोगी पडतील अशा काही गोष्टी सांगतो. गिऱ्हाइकाने केस गळतात अशी तक्रार केली, तर प्रथम विचारावे, "तीन-चार महिन्यांपूर्वी घरात काही झाले होते काय? आजारपण, ताप, शस्त्रक्रिया, काही वाईट घटना?" पुष्कळदा उत्तर तेथेच सापडते. डॉक्टर एक साधी परीक्षा करतात: पन्नास-साठ केसांची बट चिमटीत धरून मुळापासून टोकापर्यंत हळुवार ओढतात; पाच-सहांहून अधिक केस हाती आले, तर गळती नेहमीपेक्षा जास्त आहे असे समजतात. गळती सहा महिन्यांहून अधिक चालली, गुळगुळीत किंवा खपलीची जागा दिसली, डोक्याची कातडी लाल झाली, दुखू लागली, अथवा एकाच घरातील वा गावातील अनेकांचे केस एकदम जाऊ लागले, तर विलंब न लावता डॉक्टरांकडे पाठवावे. आपल्या हडपसरमध्येच साने गुरुजी रुग्णालय आहे, पुण्यात ससून रुग्णालय आहे. अशा ठिकाणी दाखविण्यात हयगय करू नये. औषधांच्या दुकानातून चिठ्ठीविना मलमे आणून लावू नयेत.

घरी काय करावे, असे भगिनी विचारतील. ताटात डाळ, उसळ, पालेभाजी, शेंगदाणे, आणि खाणाऱ्यांनी अंडी-मासे घ्यावे. सात तास झोप घ्यावी. रोज अर्धा तास चालावे. रोज केस मोजीत बसू नये. मोजण्याने गळती कमी होत नाही, धास्ती मात्र वाढते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ज्या भाराने केस गेले तो भार एकट्याने वाहू नये. कर्ज असेल तर घरात सांगावे. मुलाचे गुण कमी आले तर त्याच्याशी बोलावे. वृद्धांना कोपऱ्यात टाकू नये. मनावरचा भार वाटून घेतला की हलका होतो. ही गोष्ट सांगायला शास्त्र कशाला हवे?

दरवर्षी आषाढीच्या वारीत ज्ञानोबा आणि तुकोबा ह्यांच्या पालख्या आपल्या ह्या हडपसरला येतात आणि येथून त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. एक दिवेघाटाने सासवडकडे जाते, दुसरी लोणी काळभोरकडे. वारीच्या वाटेवर अनेक ठिकाणी आपले बंधू वारकऱ्यांची दाढी-कटिंग विनामूल्य करतात. ज्या संत सेना महाराजांना आपण पूज्य मानतो, त्यांनी ह्याच व्यवसायात राहून भक्ती केली. ती सेवा वर्षातून एक दिवसाची. मी सुचवितो ती सेवा वर्षभराची आहे, आणि तिला पैसा लागत नाही: खुर्चीवर बसलेल्या माणसाचे म्हणणे ऐकून घेणे, त्याच्या व्यंगावर न हसणे, खोटी आशा न विकणे, आणि वेळेवर योग्य माणसाकडे पाठविणे.

समाजाच्या कार्यकारी मंडळाला माझी एक नम्र सूचना आहे. पुढील वर्षी ह्या मेळाव्याच्या दिवशी आपल्या दुकानदार बंधूंसाठी चाई, गजकर्ण आणि साधी गळती ह्यांतील फरक दाखविणारा दोन तासांचा वर्ग ठेवावा. मी आणि माझे सहकारी विनामूल्य येऊ. त्याच दिवशी आपल्या भगिनींची रक्ततपासणीही करावी. हे एवढे झाले, तरी आजचे भाषण सार्थकी लागले असे मी मानीन.